भांडुपमध्ये रीसेल घर, ७२ लाखांचं कर्ज: कुणाकडे जावं आणि खिशातून नक्की किती जाणार?

कांजूरचा_भाडेकरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

भांडुप पश्चिमेला, एलबीएस रोडपासून आत एक वन बीएचके पसंत पडलाय. इमारत १९९८ ची, सात मजली, सोसायटी रजिस्टर आहे. किंमत ९० लाखांवर ठरली. मी आणि बायको दोघं नोकरी करतो, दोघांचं मिळून हातात १ लाख ४० हजार येतात. जवळ २० लाख आहेत. दुसरं कुठलंही कर्ज नाही.

आता गोंधळ असा की ऑफिसात ज्याला विचारावं तो स्वतःच्या बँकेचं नाव घेतो. सासरे म्हणतात सहकारी बँकेत जा, मॅनेजर ओळखीचा आहे. एजंटांचे फोन तर कुठून नंबर मिळतो देव जाणे, दिवसभर चालू. प्रत्येक जण फक्त व्याजदर सांगतो आणि "बाकी सगळं आम्ही बघतो" म्हणतो. ते "बाकी सगळं" म्हणजे काय, आणि भांडुपसारख्या ठिकाणी कर्जासाठी कुणाकडे जाणं शहाणपणाचं, एवढं जाणकारांनी सांगावं.

मुलुंडची_मावशी

अभिनंदन! दराचं नंतर बघू. टोकन दिलंत का? आणि इमारतीला ओसी, म्हणजे पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, आहे का?

लोकल_८_०५

बुकमार्क करून ठेवतो. आमचंही डोंबिवलीत चाललंय.

कांजूरचा_भाडेकरू

मावशी, टोकन म्हणून ५१ हजार दिलेत, साध्या पावतीवर. ओसीचं विचारलं तर मालक म्हणाले, "सगळे राहतायत की इतकी वर्षं." म्हणजे काय समजायचं?

मुलुंडची_मावशी

म्हणजे नाहीये असं समजायचं. :)

पासबुक_निवृत्त

कर्ज विभागात बसून केस पांढरे केले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं की कर्ज आपल्याला मिळतं. मुंबईत, त्यातही रीसेलमध्ये, ते आधी इमारतीला मिळतं आणि मग तुम्हाला. तुमचा पगार, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) हे अर्ध्या तासाचं काम आहे. फाईल अडकते ती वकिलाच्या टेबलावर. त्यामुळे "कुठली बँक चांगली" याआधी "ह्या इमारतीत आधी कुणी कर्ज दिलंय" हे विचारा. सोपा मार्ग म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा. कुठल्या फ्लॅटवर कुणाचा बोजा आहे याची नोंद सोसायटीकडे असते, कारण बँक सोसायटीला पत्र देऊन तो चढवून घेते. नावं सांगितली नाहीत तरी गेल्या दोन-तीन वर्षांत कुठल्या बँकांची पत्रं आली एवढं सेक्रेटरी सहज सांगतो. तुमची "लोकल" कर्ज देणारी संस्था शोधायची असेल तर ती गूगलवर नाही, त्या सोसायटीच्या फाईलमध्ये आहे. त्या बँकेच्या वकिलाने जमिनीची कागदपत्रं एकदा तपासलेली असतात. तुमच्यासाठी तपासणी परत होईल, पण पहिल्यापासून नाही.

आता कागद. मालकाकडून आजच यादी मागा: बिल्डरपासून मालकापर्यंतचे सगळे करार, म्हणजे पूर्ण साखळी, मूळ प्रतीत, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, ओसी, नसेल तर सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आणि मंजूर नकाशा, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. आणि त्यांच्यावर स्वतःचं कर्ज चालू आहे का हे स्पष्ट विचारा.

ओसी नसलेल्या इमारती मुंबईत ढिगाने आहेत. काही बँका साफ नाही म्हणतात, काही सोसायटीची नोंदणी, मंजूर नकाशे आणि कर भरल्याच्या पावत्या बघून देतात. गृहवित्त कंपन्या जरा सैल असतात, पण त्या सैलपणाची किंमत दरात लावतात. १९९८ ची इमारत म्हणजे अजून फार जुनी नाही. पण तुमचं वीस वर्षांचं कर्ज संपेल तेव्हा ती पन्नाशीकडे आलेली असेल. मूल्यांकन करणारा इंजिनिअर "उरलेलं आयुष्य" असा एक रकाना भरतो, तो तुमच्या मुदतीपेक्षा कमी निघाला तर मुदत कापली जाते. सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट केलं असेल तर त्याची प्रत मिळवा. पालिकेच्या नियमाने तीस वर्षांपुढच्या इमारतींना ते करावंच लागतं, तुमच्या इमारतीला ती वेळ जवळ आली आहे.

आकडेमोड

पासबुककाकांनी कागदांचं सांगितलं, मी पैशांचं सांगतो. धागाकर्त्यांचा २० लाखांत भागेल हा हिशोब चुकणार आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. ९० लाखांवर ८० टक्के म्हणजे ७२ लाख, शीर्षकात तुम्ही लिहिलंयच. पण ही किंमत म्हणजे घराची किंमत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरत नाहीत, ते तुमच्या खिशातून. शिवाय बँकेच्या मूल्यांकनात ८५ लाखच निघाले तर ८० टक्के ८५ चे.

आता खिशातलं बघा. स्वतःचा हिस्सा १८ लाख. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रोचा एक टक्का धरून ६ टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार (रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, कराराहून जास्त असेल तर शुल्क त्याच्यावर). नोंदणी फी ३० हजार, कारण ३० लाखांच्या वर तीच कमाल आहे. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. त्याहून जास्त "देणगी" मागितली तर पावती मागा, मग बोलणं बदलतं. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का धरली तर ३६ हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४२,४८०. दलाली एक टक्का म्हणजे ९० हजार. इथवरच बेरीज सव्वापंचवीस लाखांच्या वर जाते. गहाणखताचं मुद्रांक शुल्क, वकील आणि मूल्यांकनाची फी यांचे हजार वेगळे. घर लावायला पंखे-ट्यूबलाइट तर धरलेच नाहीत.

रीसेल असल्यामुळे जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेलं घेतलं असतं तर आणखी ५ टक्के आले असते. ५० लाख किंवा वरची किंमत असल्यामुळे मालकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून तुम्हाला भरायचा आहे, ९० हजार. हा जादा खर्च नाही, किमतीतूनच जातो. पण भरला नाही तर नोटीस तुम्हाला येते, मालकाला नाही.

हप्ता: ७२ लाख, २० वर्षं, ८ टक्के दराने महिना ६०,२२४. दोघांच्या पगाराच्या ४३ टक्के, म्हणजे मंजुरीला अडचण नसावी. पण वीस वर्षांत एकूण भराल १ कोटी ४४ लाखांच्या वर. मुद्दलाएवढंच व्याज, अगदी किंचित जास्त. दर साडेआठ झाला तर हप्ता ६२,४८३. म्हणजे अर्ध्या टक्क्याला महिना सव्वादोन हजार, वीस वर्षांत पाच लाख चाळीस हजारांच्या आसपास.

पाच लाख कमी पडतात म्हणून पर्सनल लोन मात्र काढू नका. त्याचा हप्ता तुमच्या पात्रतेतून वजा होतो आणि दर भलताच असतो. पीएफमधून किंवा घरातून उचला.

कांजूरचा_भाडेकरू

बाप रे. मी मुद्रांक शुल्क कर्जात बसवलं होतं डोक्यात. बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखवला, आमच्याकडे शांतता पसरली आहे.

ठाण्याची_लेक

मग मुद्रांक शुल्कात थोडी सूट घ्या. घर फक्त बायकोच्या नावावर केलंत तर महाराष्ट्रात महिला खरेदीदाराला १ टक्का कमी लागतो. तुमच्या बाबतीत सरळ ९० हजार वाचतात. पूर्वी पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली.

आकडेमोड

बरोबर, पण पूर्ण चित्र बघा. दोघांच्या संयुक्त नावावर घेतलं तर सूट नाही. फक्त तिच्या नावावर घेऊन नवरा सहकर्जदार राहू शकतो, बँकेला चालतं. पण मालकी नसेल तर जुन्या करप्रणालीत नवऱ्याला व्याजाची दोन लाखांची आणि मुद्दलाची वजावट घेता येत नाही. आता दोघंही नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाला तशीही वजावट नाही, मग ९० हजार हा निव्वळ फायदा. आधी कुठल्या प्रणालीत आहात ते बघा.

खवचट_खारकर

मालकी बायकोची, हप्ता नवऱ्याचा. शासनाने लग्नाची व्याख्याच मुद्रांक शुल्कात बसवली म्हणायची.

मुलुंडची_मावशी

खारकर, घर तिचं असलं की तुम्हा लोकांना विनोद सुचतात. इथे तिचा पगारही आहे त्या एक लाख चाळीसमध्ये.

खवचट_खारकर

मान्य मावशी, मागे घेतो.

गिरणगाव_आता_टॉवरगाव

सहकारी बँकेचं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. आमच्या वडिलांपासून आम्ही सहकारी बँकेचेच. शाखा चालत जाण्यासारखी, मॅनेजर फोन उचलतो, जुन्या चाळीचे-सोसायटीचे कागद त्यांना कळतात. मोठ्या बँकेत तुम्ही एक नंबर. पूर्वी अडचण रकमेची होती. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मर्यादा दुप्पट केल्या: लहान नागरी बँकांना माणशी ३० लाखांऐवजी ६० लाख आणि मोठ्यांना ७० लाखांऐवजी १ कोटी ४० लाख. म्हणजे ७२ लाख मोठ्या सहकारी बँकेत बसतात. सासऱ्यांचं ऐका.

लोअर_परळ_फास्ट

ओळखीच्या मॅनेजरची दोन वर्षांत बदली होते, कर्ज वीस वर्षं राहतं. मला एकच प्रश्न: त्यांचा दर कशाला जोडलेला आहे? ते विचारा, मग भावना.

पासबुक_निवृत्त

लोअर परळ यांनी नेमकी नस पकडली. थोडं सविस्तर, कारण इथेच लोक जास्त पैसे घालवतात.

१ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना तरत्या दराचं नवं गृहकर्ज बाहेरच्या मापदंडाला जोडावं लागतं. बहुतेकांनी रेपो धरला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर हलायला हवा, वर आणि खाली दोन्हीकडे. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्या स्वतःचा मूळ दर स्वतः ठरवतात आणि तो खाली आणायची त्यांना घाई नसते. सहकारी बँकांपैकी बऱ्याच जणांचाही स्वतःचाच मूळ दर असतो. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून वर्षअखेर ५.२५ वर आला. त्या वर्षी रेपोला जोडलेल्यांचे दर आपोआप उतरले. स्वतःच्या मूळ दरावर चालणाऱ्या संस्थांचे जुने ग्राहक "कन्व्हर्जन फी" भरून दर कमी करून घेत बसले. म्हणून आज अर्धा पाव टक्का स्वस्त कोण, याला मी फार किंमत देत नाही. दर खाली येताना कोण किती खळखळ करतं, ते बघा.

दुसरं, रेपोवरचा फरक, ज्याला स्प्रेड म्हणतात. तो मंजुरीच्या दिवशी ठरतो. पुढे बँक नवीन ग्राहकाला कमी स्प्रेड देते आणि जुना ग्राहक आपल्या जुन्या स्प्रेडवर बसून राहतो. दर वर्षी एकदा शाखेत जाऊन विचारायला लाजू नका. नाही म्हणाले तर कर्ज दुसरीकडे हलवायची धमकी चालते, कारण वैयक्तिक तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. बँका आणि गृहवित्त कंपन्या दोघांनाही.

तिसरं, दर वाढला की बँक हप्ता तसाच ठेवून गुपचूप मुदत वाढवते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून साडेसहावर गेला तेव्हा वीस वर्षांची कर्जं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची झाली आणि लोकांना पत्ताही नव्हता. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे ग्राहकाला विचारायचं, आणि स्थिर दरावर जायचा पर्यायही तेव्हा सक्तीचा केला; ऑक्टोबर २०२५ पासून तो देणं बँकेच्या मर्जीवर आहे. उलट दिशेने, दर कमी झाला आणि परवडत असेल तर हप्ता कमी करून घेऊ नका, मुदत कमी होऊ द्या.

गिरणगाव, सहकारी बँकेला माझा विरोध नाही. जुन्या कागदांची समज त्यांची खरंच चांगली. फक्त सभासद व्हावं लागतं, शेअर्स घ्यावे लागतात, कर्जाच्या किती टक्के ते आधी विचारून घ्या. ती रक्कम अडकून राहते.

ठाण्याची_लेक

विम्याचं कुणी लिहिलं नाही! आम्ही घेतलं तेव्हा (संस्थेचं नाव नको) मंजुरीपत्रात ७० लाखांऐवजी ७२ लाख. म्हटलं दोन लाख कसले? तर म्हणे कर्जसंरक्षण विमा, "कंपल्सरी आहे मॅडम". लेखी मागितलं की कंपल्सरी आहे असं द्या. दुसऱ्या दिवशी तो ऐच्छिक झाला.

आकडेमोड

दोन लाखांचा एकरकमी हप्ता कर्जात घातला की ८ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे चार लाख होतात. विमा हवाच, घरावर ६० हजारांचा हप्ता असताना तो नसणं मूर्खपणा. पण साधा टर्म विमा स्वतंत्र घ्या, तो कर्ज हलवलं तरी तुमच्याबरोबर राहतो.

आणि केएफएस मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या गृहकर्जाला हे मुख्य तथ्य पत्रक द्यावंच लागतं. त्यात एपीआर असतो, म्हणजे व्याजात प्रोसेसिंग फी, विमा, वकिलाची फी वगैरे मिसळून आलेला खरा वार्षिक दर. त्यात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. तीन ठिकाणची पत्रकं शेजारी ठेवा, एजंटचं तोंड आपोआप बंद होतं. एजंटला बँक कमिशन देते, "फाईल चार्ज" म्हणून तुमच्याकडून रोख मागितला तर देऊ नका.

मात्र दहा ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक ठिकाणी सिबिल तपासलं जातं आणि गुण उतरतात. दोन-तीन पुरे.

लोकल_८_०५

एपीआर पहिल्यांदाच ऐकला. धन्यवाद.

कांजूरचा_भाडेकरू

सेक्रेटरींना भेटून आलो. पासबुककाका, तुमचा सल्ला सोन्यासारखा. इमारतीत गेल्या काही वर्षांत तीन वेगवेगळ्या संस्थांची कर्जं झाली आहेत, एक राष्ट्रीयीकृत बँक, एक गृहवित्त कंपनी, एक सहकारी बँक. ओसी नाही, सीसी आणि मंजूर नकाशा सोसायटीकडे आहे. राष्ट्रीयीकृत बँकेने त्यावरच दिलंय.

दोन नव्या गोष्टी कळल्या. मालकांवर अजून १९ लाखांचं कर्ज बाकी आहे, त्यामुळे मूळ करार त्यांच्या बँकेत. आणि बिल्डरचा १९९८ चा पहिला करार मूळ प्रतीत कुणाकडेच नाही, फक्त झेरॉक्स.

मुलुंडची_मावशी

मालकांनी हे टोकन घेताना सांगितलं नव्हतं ना? लक्षात ठेवा.

पासबुक_निवृत्त

कर्ज बाकी असणं रोजचं आहे, घाबरू नका. मालकांनी त्यांच्या बँकेकडून दोन पत्रं आणायची: फेडीची अचूक रक्कम आणि ताब्यातल्या कागदांची यादी. तुमची बँक पहिला चेक त्या बँकेच्या नावाने काढेल, १९ लाखांचा, उरलेला मालकांच्या नावाने. कर्ज पूर्ण फिटल्यावर त्यांच्या बँकेने मूळ कागद तीस दिवसांत सोडायचे असतात, उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

पहिला करार हरवल्याचं जास्त वेळखाऊ. मालकांनी पोलिसांत तक्रार नोंदवायची, एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, दुय्यम निबंधकाकडून त्या कराराची प्रमाणित प्रत काढायची आणि प्रतिज्ञापत्र करायचं. तो करार नोंदणी झालेला असेल तर प्रश्न सुटतो. इंडेक्स टू काढून बघा, नोंदणीच झाली नसेल तर गोष्ट वेगळी. हा सगळा खर्च मालकांचा, तुमचा नाही.

आणि क्रम चुकवू नका. आधी त्या राष्ट्रीयीकृत बँकेत फाईल, पगाराची मंजुरी आणि वकिलाचा होकार दोन्ही हातात, मगच मुद्रांक शुल्क भरून कराराची नोंदणी. उलटं केलंत आणि वकील नाही म्हणाला तर ५ लाख ४० हजार अडकून बसतील.

कांजूरचा_भाडेकरू

मालक म्हणतात या महिन्यात नोंदणी करा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे.

मुलुंडची_मावशी

ते दुसरं गिऱ्हाईकही हाच पहिला करार मागणार आहे. साध्या पावतीऐवजी समजुतीचा करार करून घ्या: कागदांतल्या दोषामुळे कर्ज नाकारलं गेलं तर ५१ हजार इतक्या दिवसांत परत, आणि नोंदणीची मुदत बँकेच्या वकिलाचा होकार आल्यापासून मोजायची. ह्या दोन ओळींना मालक तयार नसतील तर भांडुपमध्ये घरं पुष्कळ आहेत.

कांजूरचा_भाडेकरू

मालकांना ह्या दोन ओळी व्हॉट्सॲपवर पाठवल्या आहेत. निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून नाही. तोवर इंडेक्स टू ऑनलाइन शोधतोय. १९९८ ची नोंद मिळते का तिथे, की कुर्ल्याच्या कार्यालयात जावं लागेल?

पासबुक_निवृत्त

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोध आहे. वर्ष, गाव आणि सिटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) टाका. गाव भांडुप, सोसायटीचं नाव टाकू नका. नाही सापडलं तर झेरॉक्सच्या शेवटच्या पानावरचा दस्त क्रमांक घ्या, त्याच्याआधी कार्यालयाचं आद्याक्षर असतं. ते बघून कुठल्या कार्यालयात जायचं ते कळेल.